अकरा मिनिटांचा धूर

मिरगटोल्याच्या मँगनीज खाणीत हवा सांभाळण्याचं काम रेवती उकेकडे होतं. जमिनीखाली दोनशे मीटरवर माणसांना श्वास घेता यावा म्हणून ताजी हवा कुठून आत ढकलायची, कुठे दार लावून अडवायची, कुठे वळवायची आणि वापरलेली हवा कुठून बाहेर काढायची, हे ती ठरवायची. बारा वर्षं हेच करत आल्यामुळे पंख्याचा आवाज जरा बदलला, तरी आत कुठलं दार उघडं राहिलंय ते तिला जागेवर बसून कळायचं.

२०३९ साली नवा नियम आला. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या प्रत्येक डिझेल इंजिनाला, मग ते गाडीचं असो, कॉम्प्रेसरचं असो की जनरेटरचं, नव्या दर्जाची धूर साफ करणारी यंत्रणा सक्तीची झाली. वरच्या मजल्यांवर बॅटरीचे लोडर कधीच आले होते, पण खालच्या मजल्यांतल्या पाण्यात आणि उकाड्यात बॅटऱ्या टिकत नव्हत्या. तिथे अजून बारा मोठी डिझेल इंजिनं राबत होती. त्या बाराही इंजिनांसाठी एकच यंत्रणा निवडायची, आणि शिफारस रेवतीनं करायची, असं मॅनेजर पारसनीसांनी ठरवलं.

निवड दोघांतच होती. एक ‘शून्यक’ आणि दुसरी ‘ठसा’.

दोन्हींचा गाभा सारखाच. धूर आधी चिनीमातीच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून जातो, तिथे काजळी अडकते आणि ठरावीक वेळानं आतल्या आत जळून जाते. पुढे त्या धुरावर युरियाच्या पाण्याचा बारीक फवारा बसतो. त्यानं विषारी वायूंचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत होतं. फरक होता तो जाळीच्या आतल्या लेपात. शून्यकचा लेप इतका दाट की काजळीच्या दोनशे कणांतला एखादाच निसटायचा. ठशाच्या जाळीतून दोनशेतले सहा निसटायचे. पण ते सहा कण निनावी नसायचे.

ठशाच्या लेपात आठ दुर्मिळ धातू मिसळलेले होते, आणि प्रत्येक यंत्रासाठी त्यांचं प्रमाण वेगळं. एकात सिरियम जास्त, दुसऱ्यात लँथेनम, तिसऱ्यात आणखी काही. निसटणारा कण जाता जाता त्या लेपाचा अंश अंगावर घेऊन जायचा. तो कण कुठेही पडो, भिंतीवर, पाण्यात किंवा माणसाच्या फुप्फुसात, त्यावरच्या धातूंचं प्रमाण मोजलं की तो कोणत्या इंजिनातून निघाला ते सांगता यायचं. सोबत एक नळी मिळायची. तिच्यात वीस मिनिटं सावकाश फुंकायचं. छातीतून परत येणारे अलीकडचे मोजके कण तिच्यातल्या पडद्यावर बसायचे, आणि ‘वाचक’ नावाची पेटी तासाभरात कागद छापून द्यायची. तुमच्या छातीतल्या डिझेलच्या काजळीपैकी अमक्या लोडरची इतकी, तमक्या ट्रकची इतकी.

“सरळ आहे की,” पारसनीस म्हणाले, “जी जास्त स्वच्छ, ती घ्यायची. कोणाचा धूर कोणाच्या छातीत गेला हे कळून करायचंय काय?”

रेवतीला त्यांचं म्हणणं खोडता येईना. पण बारा वर्षं तिनं हवा मोजली होती ती बोगद्यात, दारापाशी, पंख्यापाशी. ती हवा पुढे माणसाच्या आत जाऊन काय करते, हे तिला कधी मोजता आलं नव्हतं.

“तीन महिने ठसा लावून पाहू,” ती म्हणाली. “चाचणी म्हणून. मग ठरवू.”

*

बाराही इंजिनांवर ठसा बसला. बाराहून वेगळ्या प्रमाणाचा लेप दिलेल्या जाळीच्या नळीचा वीतभर तुकडा उरला होता. तो कुठे लावावा याचा विचार करत रेवती शेडमध्ये गेली, तर तिथे टेकचंदभाऊ डब्बा पुसत होते.

डब्बा म्हणजे माणसं खाली नेणारी गाडी. पुढे ट्रॅक्टरसारखं छोटं इंजिन आणि मागे चोवीस जणांची बाकं असलेला जाळीचा डबा. टेकचंद राहांगडाले तो बावीस वर्षं चालवत होते. त्यांच्या आधीच्या ड्रायव्हरनं एकदा डब्बा भिंतीवर घातला होता आणि तिघं जायबंदी झाले होते. तेव्हापासून टेकचंदभाऊंनी स्वतःचा वेग ठरवून घेतला होता. ताशी नऊ किलोमीटर, ना जास्त ना कमी. उताराचा साडेसोळाशे मीटरचा बोगदा उतरायला बरोबर अकरा मिनिटं. कामगार म्हणायचे, भाऊंच्या डब्ब्यात चहाचा कपसुद्धा हिंदकळत नाही. रेवतीचे वडील, ड्रिलवर काम करणारे दशरथ उके, रोज त्यांच्या मागच्याच बाकावर बसायचे. ते छातीच्या आजारानं गेले त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

“भाऊ, हा तुकडा डब्ब्याला लावू का? तुमचं इंजिन नियमात बसत नाही, पण उरलाय म्हणून.”

“लाव ना पोरी. डब्ब्याले का होते? अडतीस घोड्याचं इंजिन. त्याचा धूर म्हणजे विडीएवढा.”

तिनं तो वेल्डिंग करून बसवला. डब्बा नोंदणीत नव्हता, म्हणून वाचकाच्या यादीत त्याचं नाव कोणी घातलं नाही.

*

पहिले कागद सहा आठवड्यांनी छापून आले, आणि खाणीत बोलाचालीच बदलली.

आजवर धूर कोणाचाच नव्हता. तो खाणीचा होता, जसा ओलावा खाणीचा असतो. आता त्याला मालक मिळाले. यादोराव शेंडे ड्रिल चालवायचा आणि त्याच्या शेजारच्याच गाळ्यात नामदेव वंजारी लोडर चालवायचा. दोघं अठरा वर्षं एकाच जेवणाच्या डब्यातून खात होते. यादोरावच्या कागदावर निघालं, लोडर क्रमांक तीन, एकवीस टक्के. तो क्रमांक नामदेवचा.

दुसऱ्या दिवशी यादोराव जेवायला पंपाकडे जाऊन बसला.

नामदेव तणतणत रेवतीच्या टेबलापाशी आला.

“मॅडम, लोडर का मी घरून आणला? कंपनीनं देल्ला तो चालवतो. आता त्याची बायको माह्या बायकोले नळावर बोलत नाही. तुमच्या कागदानं जेवण बंद केलं आमचं.”

“यंत्राचा आकडा आहे तो, नामदेवभाऊ. तुमचा नाही.”

“हे तुम्हाले समजते,” नामदेव म्हणाला. “नळावर नाही समजत.”

तो गेल्यावर रेवतीनं सगळे कागद पुन्हा समोर पसरले. चूक झाली का आपली, असं वाटत असतानाच तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिथे लिहिलं होतं, ‘इतर’. यादोराव, इतर, बावन्न टक्के. नामदेव, इतर, अठ्ठेचाळीस. तिच्या स्वतःच्या कागदावर पंचावन्न. नळीत फुंकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या छातीतली निम्मी काजळी बारापैकी कोणत्याच यंत्राची नव्हती.

“हायवेची असणार,” पारसनीस म्हणाले. “गावाच्या अंगावरून दिवसाला हजार ट्रक जातात.”

पटण्यासारखं होतं. पण गठ्ठ्याच्या तळाशी कवडू बोरकरचा कागद निघाला. कवडू पंप बघायचा, आणि त्याचं घर हायवेला इतकं लागून होतं की ओट्यावर बसलं तर ट्रकवाल्यांशी गप्पा मारता येतील. त्याचं ‘इतर’ होतं सहा टक्के.

रेवती उठून थेट त्याच्याकडे गेली.

“कवडूभाऊ, तुम्ही काय वेगळं करता?”

“मी?” कवडू गोंधळला. “काहीच नाही. पंप चालू करतो, पंप बंद करतो.”

“सकाळी घरून निघाल्यापासून सांगा.”

त्यानं सांगितलं. चहा, सायकल, हजेरी, दिवा घेणं, आणि मग चालत खाली.

“चालत? डब्ब्यानं का नाही?”

“मळमळते मले त्याच्यात,” कवडू शरमून म्हणाला. “पहिल्यापासून. म्हणून पायवाटेच्या बोगद्यानं जातो. हसतात सगळे.”

त्याच दुपारी रेवतीनं डब्ब्याच्या नळीतलं धातूंचं प्रमाण वाचकाच्या यादीत तेरावं म्हणून भरलं आणि सगळे पडदे पुन्हा वाचायला लावले. ‘इतर’ची ओळ चार-पाच टक्क्यांवर आली. तिच्या वर एक नवी ओळ उगवली होती. डब्बा. तिच्या छातीत एक्कावन्न टक्के.

*

आकडा समोर होता, पण तो तिच्या डोक्यात बसेना. एवढंसं इंजिन, दिवसातून अकरा मिनिटं. शेजारी दोनशे अश्वशक्तीचे लोडर आठ-आठ तास घुरघुरत असताना या डब्ब्यानं त्यांना मागे टाकावं कसं? आणि वर येतानाही माणसं त्याच डब्ब्यात बसतात, तेव्हा कोणी खोकत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला ती खाली निघाली ती हातात धुराची नळी घेऊन. हवा कुठे वाहते हे पाहायला खाणीत ही नळी वापरतात. टोक मोडलं की पांढऱ्या धुराचा धागा निघतो आणि हवा जाईल तिकडे जातो. डब्बा सुटला. बोगद्याच्या मध्यावर तिनं जाळीबाहेर हात काढून टोक मोडलं.

पांढरा धागा निघाला आणि तिथेच राहिला. मागे गेला नाही, पुढे गेला नाही. खिडकीशेजारी एखाद्या पिसासारखा तरंगत, हळूहळू फुगत, तो डब्ब्याबरोबर खाली येऊ लागला. भिंतीवरचे दिवे मागे पळत होते आणि धूर मात्र जागचा हलत नव्हता.

रेवती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, कारण बाकीचं तिला आता न बघताही दिसत होतं.

उताराचा बोगदा हा ताजी हवा आत घेण्याचा रस्ता होता. वरून खाली, सेकंदाला अडीच मीटर. हा वेग तिनंच ठरवून दिलेला, बारा वर्षं रोज वहीत लिहिलेला. सेकंदाला अडीच मीटर म्हणजे ताशी नऊ किलोमीटर.

हवा आणि डब्बा एकाच वेगानं, एकाच दिशेनं खाली उतरत होते. डब्ब्याचा धूर मागे राहत नव्हता की पुढे निघून जात नव्हता. अकरा मिनिटं चोवीस माणसं एकाच ढगात बसून जात होती आणि तो ढग दाट होत जात होता. वर येताना हवा समोरून यायची आणि धूर उडवून लावायची. टेकचंदभाऊंनी वेग थोडा जास्त ठेवला असता, किंवा थोडा कमी, तरी हे इतकं झालं नसतं. माणसं जपण्यासाठी त्यांनी जो वेग धरला होता, नेमका तोच हवेचा होता.

*

तिनं दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारची पाळी खाली सोडून टेकचंदभाऊ परत आले तेव्हा ती शेडमध्ये जाऊन बसली.

“काहून गप्प हायस?” त्यांनी विचारलं. “दोन दिवसांपासून पाहून रायलो, माह्या डब्ब्यात बसत नाहीस. चालत जातेस.”

तिनं कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग तिनं धुराच्या धाग्याचं सांगितलं. शेडच्या फरशीवर खडूनं बोगदा काढून दाखवला, त्यात डब्बा, त्यात हवा. ते उकिडवे बसून एखाद्या नव्या यंत्राची रचना समजून घ्यावी तसे ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी विचारलं, “अन् वर येताना?” तिनं तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना समजलं होतं, पारसनीसांना समजलं असतं त्याहूनही नीट समजलं होतं.

मग ते उठले आणि इंजिनाच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले.

“बावीस वर्षं,” ते म्हणाले. “काटा नऊच्या वर जाऊ देल्ला नाही.”

“तुमची चूक नाही, भाऊ. हवेचा वेग माझा. मलाही दिसलं नाही.”

“माहा कागद कुठं हाय?”

तो तिनं मुद्दाम आणला नव्हता. पण त्यांनी हात पुढे केलेलाच ठेवला, तेव्हा तिला आकडा सांगावा लागला. दिवसातून तीन वेळा ते खाली उतरायचे. अठ्ठ्याहत्तर टक्के.

ते पत्र्यावरचा एक डाग अंगठ्यानं घासत राहिले. मग मागे न वळता म्हणाले, “दशरथच्या छातीत कितीक होता माहा?”

हा प्रश्न येणार हे रेवतीला माहीत होतं. दोन दिवस तिनं तो स्वतःलाच विचारला होता. तेव्हा ठसा नव्हता. जुन्या धुराला नाव नव्हतं. कोणतीही पेटी आता ते सांगू शकणार नव्हती. ‘थोडाच असेल’ असं म्हणणं सोपं होतं, आणि भाऊंनी ते ऐकूनही घेतलं असतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “कधीच कळणार नाही. असेल, एवढं मात्र खरं.”

“माह्या मागंच बसे तो,” टेकचंदभाऊ म्हणाले. “गोष्टी सांगे.”

बाहेर हजेरीची घंटा झाली, तेव्हा टेकचंदभाऊंनी फडकं उचललं आणि डब्बा पुसायला घेतला.

*

शिफारस सांगायला पारसनीसांनी विश्रांतीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. डब्ब्याची गोष्ट रेवतीनं आधी सांगितली. टेकचंदभाऊ शेवटच्या बाकावर बसले होते, त्यांच्याकडे कोणी वळून बघितलं नाही, आणि न बघणंच जास्त जाणवत होतं.

पारसनीस उभे राहिले. माणूस वाईट नव्हता आणि त्यांचा मुद्दाही नीट होता. “उके मॅडमनी शोधलं, फार मोठं काम केलं. पण कोडं सुटलंय ना? डब्ब्यालाही शून्यक बसवू, बाराही यंत्रांना शून्यक बसवू. ठसा काढू. भांडणं मिटतील, धूरही कमी होईल. सहाच्या जागी एकच कण सुटेल.”

“बरोबर हाय,” नामदेव ओरडला. “नाव नको अन् भानगड नको.”

बऱ्याच माना हलल्या. रेवतीनं त्या हलू दिल्या.

“चार महिन्यांनी सातवा मजला उघडतोय,” ती म्हणाली. “तो उघडला की हवेचा रस्ता बदलणार. मी कागदावर रस्ता आखीन, पंखे लावीन, मोजीन. आतापर्यंत तेच केलं, आणि बारा वर्षं हा डब्बा माझ्या डोळ्यांसमोरून ये-जा करत होता. शून्यक लावलं तर धूर कमी होईल, पण तो कुठे साठतोय हे मला पुन्हा दिसणार नाही. म्हणून माझी शिफारस ठशाची आहे. ठशातून दोनशेमागे जास्तीचे पाच कण सुटतात. ते मी जाणूनबुजून तुमच्या छातीत जाऊ देणार आहे, आणि माझ्याही. सातवा मजला स्थिर झाला की ठसा काढून शून्यक बसवू. तोवर दर महिन्याला आपण नळीत फुंकू. कागद ज्याचा त्याला मिळेल. त्यावर कोणाचं यंत्र ते छापणार नाही, यंत्रांच्या फेऱ्यांच्या नोंदीवरून फक्त जागा आणि वेळ छापू.”

“म्हणजे नाव नाही?” यादोरावनं विचारलं.

“नाव नाही.”

तेव्हा टेकचंदभाऊ उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

“बाकीच्यायचं नका छापू,” ते म्हणाले. “लोडर घडीभर या गाळ्यात, घडीभर त्या. कोण चालवते, कोण नाही. पण डब्बा एकच हाय अन् डायवर एकच हाय. जागा छापली का अन् वेळ छापली का, समद्यायले कळणारच. तर माहं नाव छापा. दर महिन्याले. तेवढं कमी होऊन रायलं का नाही, हे मले पाहाचं हाय.” ते बसायला वळले, पुन्हा थांबले. “यादोराव, नामदेवच्या लोडरच्या एकवीस टक्क्यापायी तू जेवण सोडलं. माहे पन्नास हायेत. मी कोणासंग जेवाचं?”

यादोरावनं मान खाली घातली.

हात वर झाले. ठशाच्या बाजूनं जास्त होते, फार जास्त नव्हते. नामदेवचा हात मांडीवरच राहिला, यादोरावचा वर गेला.

*

डब्ब्याला ठशाची पूर्ण यंत्रणा बसायला आठ दिवस लागणार होते. पण वेग बदलायला कशाचीच वाट बघायची नव्हती. रेवतीनं निम्मा वेग सांगितला, ताशी साडेचार. अकराची बावीस मिनिटं होणार म्हणून पहिल्या पाळीनं कुरकुर केली. टेकचंदभाऊंनी काट्याच्या काचेवर साडेचारपाशी लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती.

रेवती पुढच्या बाकावर, त्यांच्या मागेच बसली. मागे तेवीस जण. कवडूही होता. त्याला तिनं मुद्दाम बसवला होता आणि त्यानं एका हातानं जाळी घट्ट धरली होती.

डब्बा सुटला. नवा वेग भाऊंच्या पायाला जमत नव्हता. ते पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होते आणि डब्बा अडखळत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माणसं एकमेकांवर आपटली आणि कोणीतरी म्हणालं, “भाऊ, चालवा ना नीट.” मग हळूहळू पाय स्थिरावला. इंजिनाचा आवाज खाली बसला.

पहिल्या वळणाच्या पुढे मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “कोणी पंखा लावला का?”

मागून हवा येत होती. गार, ओलसर, वरच्या झाडांचा वास असलेली. ती मागच्या बाकांवरून पुढे सरकत आली, गमछ्यांची टोकं हलली. आधी एकदोघांनी माना वळवल्या, मग सगळ्यांनीच. इंजिनाचा धूर त्यांच्या पुढे पुढे बोगद्यात पळत जाताना दिव्यांच्या उजेडात स्पष्ट दिसत होता.

“उतरतानाही ही हवा रोज होती इथं?” यादोरावनं विचारलं.

“रोज,” रेवती म्हणाली. “आपण तिच्याबरोबरच उतरत होतो. म्हणून लागली नाही.”

कवडूनं जाळी सोडून दिली होती.

टेकचंदभाऊ समोर बघत होते. त्यांच्या सदऱ्याची कॉलर हवेनं मानेवर हलत होती आणि ती सारखी करायला त्यांनी हात उचलला नाही. खालच्या स्टेशनाचे दिवे दिसू लागले तेव्हा त्यांनी काट्याकडे एकदा पाहिलं. तो लाल रेघेवर होता. अजून आठ मिनिटं बाकी होती.